आरशीबाईंचा हिरवा दिवस

“इंग्लिश न्हाई. आयरिश.”

एवढं बोलून बाई उजव्या हाताचा पंजा समोरच्या माणसाच्या छातीपुढे धरत. पुण्यात चौकातला पोलीस गाड्या अडवतो, तसा. समोर मामलेदार असोत नाहीतर आठवडी बाजारात भेंडी विकणारी बाई असो, “बरं, आयरिश” असं ऐकू येईपर्यंत तो पंजा खाली यायचा नाही. मग त्या हसायच्या आणि पुढचं बोलणं सुरू व्हायचं.

भोरच्या लोकांना या दोन शब्दांत काय फरक आहे ते उमगत नव्हतं. गोरं ते इंग्रज, असा साधा हिशेब होता. पण बाईंचा एवढा हट्ट आहे तर असू दे, म्हणून लोकांनी तो शब्द घेतला आणि आपल्या जिभेला सोसेल असा करून घेतला. आयरिशचं आयरशी झालं, आयरशीचं आरशी झालं. मी भोरला आले तेव्हा ‘आरशीबाई’ हेच नाव सगळीकडे चालत होतं. मला आधी वाटलं, या बाई आरसे विकत असतील.

संस्थान विलीन होऊन फार दिवस झाले नव्हते. मी मुलींच्या शाळेत मराठी आणि शिवण शिकवायला लागले होते. पहिल्याच हिवाळ्यात आरशीबाई शाळेत देवी टोचायला आल्या. उंच, सडपातळ, केस तांबूस-पांढरे. अंगात जाड्याभरड्या कापडाचा झगा आणि त्याला दोन्ही बाजूंना पिशवीएवढे खिसे. एका खिशात कापूस, दुसऱ्यात लिमलेटच्या गोळ्या. पायांत मात्र भोरच्या बाजारात शिवून घेतलेल्या करकर वाजणाऱ्या वहाणा.

पहिलीच मुलगी हात पुढे करायच्या आधी भोकाड पसरून बसली. बाई तिला म्हणाल्या, “हाताकडं बघू नगं. माझ्या पायाकडं बघ.” आणि त्यांनी शीळ घालत पायांनी असा काही ठेका धरला की पोरगी तोंड उघडं ठेवूनच गप्प झाली. टाच, चवडा, टाच, मधेच एक उडी. कमरेच्या वर काही हलत नव्हतं. हात आपलं काम करत होते. टोचून झालं तेव्हा पोरीला पत्ताही नव्हता. पुढच्या मुली मग रांग मोडून पुढे यायला लागल्या.

बाईंचं मराठी धरणावरच्या गड्यांकडून शिकलेलं. त्यामुळे त्या स्वतःविषयी पुरुषासारखं बोलत. “मी उद्या येतो,” “मी लई दमलो.” आमच्या मुली तोंडात रुमाल कोंबून हसायच्या. आमच्या मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणत असू. त्यांनी एकदा हळूच सुचवलं, “बाई, ‘दमले’ म्हणावं.”

आरशीबाई म्हणाल्या, “गडी दमला की दमलो म्हणतो. मी गड्याएवढंच काम करतो की.” विषय संपला.

त्यांचे यजमान भाटघरच्या धरणावर इंजिनियर होते. धरण पुरं झाल्यावरही दारांची देखभाल करायला त्यांना ठेवून घेतलं होतं. तेही बाईंच्याच देशाचे. लढाईच्या वर्षांत विषमज्वराने गेले. बाई मूळच्या शिकलेल्या नर्स. धरणाजवळ दोन खोल्यांचं घर आणि ओसरी त्यांना राहू दिली होती, तिथे त्या दवाखाना चालवत. बाकीचे दिवस एका तपकिरी तट्टावर बसून वाड्यावस्त्या हिंडत. थेट वेल्ह्याच्या डोंगरापर्यंत. कितीतरी पोरं त्यांच्या हातावर जन्मली.

स्वातंत्र्य आल्यावर गोरी कुटुंबं एकेक करून गेली. बाई राहिल्या. मी एकदा विचारलं, “तुम्ही का नाही गेलात?”

“कुठं जाऊ? हितं मला लोक हाका मारत्यात.”

धरणावरचा पहारेकरी मला सांगत होता, की पूर्वी मार्च महिन्यात एक दिवस बाईंच्या ओसरीवर गोऱ्या लोकांचं गाणंबजावणं असे. सगळे हिरवे कपडे घालून यायचे. माणसं कमी होत गेली. ज्या वर्षी शेवटचं कुटुंब गेलं, त्या वर्षीसुद्धा बाईंनी ओसरीवर नेहमीसारख्या खुर्च्या मांडल्या, दाराशी उभं राहून फिडल, म्हणजे त्यांच्याकडचं व्हायोलिन, वाजवलं आणि संध्याकाळी खुर्च्या आत नेऊन ठेवल्या. “कुनी न्हवतं,” पहारेकरी म्हणाला. “म्या पाहिलं. मला बोलावलं असतं तर म्या बसलो असतो की.”

हे मी बाईंना सांगितलं असावं, किंवा पहारेकऱ्याने सांगितलं असावं. पुढच्या मार्चमध्ये बाई शाळेत आल्या आणि मला म्हणाल्या, “मास्तरीण, आयतवारी या. आमचा सण हाय.”

“कसला सण?”

“आमच्या देशाचा एक संत हाय, त्याचा दिवस. आमची माणसं भाकरीसाठी लई लांब लांब गेली. जिथं गेली तिथं हा दिवस करत्यात. आपलं गाणं, आपला नाच, आपलं विणकाम, सगळं त्या दिवशी बाहेर काढायचं. अंगावर कायतरी हिरवं पायजे बघा.”

मार्चमध्ये भोरला हिरवं कुठून आणायचं? डोंगर करपलेले. धरणाचं पाणी मागे हटतं, तिथे ओल्या गाळात काही पेरलेलं असतं तेवढंच. मी साधं निळं लुगडं नेसून गेले आणि ओशाळून म्हणाले, “माझ्याकडे हिरवं काही नाही हो.”

बाईंनी माझा हात धरून वर केला. हातात हिरव्या बांगड्या होत्या. “हे काय मग? तुमी बायका बारा महिने आमचा सण घालून हिंडता!” त्या इतक्या मोठ्याने हसल्या की बांधलेलं तट्टू दचकलं.

न्हाणीच्या मोरीपाशी आंबुशी उगवली होती. “आमच्या संताची खूण अशीच, तीन पानांची,” म्हणत तिची डहाळी खुडून त्यांनी माझ्या पदराला टाचली. पहारेकऱ्याच्या पागोट्यात खोचली. ठकूआजीच्या अंबाड्यात खोचली. ही ठकूआजी मार्गासनीच्या वरच्या अंगाच्या धनगरवाड्यातली. गुडघ्याच्या औषधासाठी खाली आली होती, ती सणाला राहिली. असे आम्ही तिघं पाहुणे.

ओसरीत दोरीला क्रोशाची कामं टांगली होती. कॉलरी, रुमाल, टेबलावरची चादर. सुताची फुलं आणि त्यांना जोडणारी बारीक जाळी. मी शिवणाची शिक्षिका, माझी नजर तिथून हलेना. ठकूआजीने एक चादर बोटांनी चाचपून विचारलं, “मासं धरायचं जाळं व्हय?”

मग बाईंनी फिडल घेतलं. आपल्याकडे वादक मांडी घालून, मान लववून वाजवतो. बाई उभ्याने वाजवत, एखाद्याशी भांडत असल्यासारख्या. चाल एवढी पळती की मला ताल पकडता येईना. थोड्या वेळाने फिडल खाली ठेवून त्या स्वतःच नाचल्या. पाय ओसरीच्या फरशीवर तडतड वाजत होते. हात मात्र दोन्ही बाजूंना सरळ, चिकटवल्यासारखे.

ठकूआजी शेवटपर्यंत बघत राहिली आणि काळजीने म्हणाली, “बाई, हात कुठं गेलं?”

“हातास्नी सुट्टी,” बाई धापा टाकत म्हणाल्या. “दिवसभर राबत्यात. नाच पायाचा.”

हे ठकूआजीला पटलं. तिने मान डोलावली.

शेवटी बाईंनी एक गाणं म्हटलं. ते इंग्रजीत नव्हतं, एवढं मलाही कळलं. अर्थ विचारला, तर त्या म्हणाल्या, “निम्मा मला बी ठाऊक न्हाई. ती आमची भाषा. आजी बोलायची. शाळेत बोललं की छडी बसायची. आईनं भ्यानं आमास्नी शिकवलीच न्हाई. चाल तेवढी ऱ्हायली.” फडक्याने फिडल पुसता पुसता त्या बोलत होत्या, बाजारभाव सांगावा तशा. “मी गेलो की चाल बी गेली. माझ्यामागं कोण हाय?”

मी मराठी शिकवणारी. घरी परत येताना ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पोरीबाळींना पाठ करायला लावलेल्या कविता, जात्यावरच्या ओव्या, हे सगळं एकाच म्हातारीच्या गळ्यात उरलं असतं तर तिने काय केलं असतं?

दुसऱ्या वर्षी मीच मोठ्या बाईंकडे विषय काढला. आरशीबाईंनी मुलींना क्रोशा आणि नाच शिकवावा, आणि सणाच्या दिवशी शाळेच्या मोठ्या खोलीत छोटा कार्यक्रम करावा. मोठ्या बाईंना कल्पना आवडली. बाईंना सांगितलं तेव्हा त्या नुसत्या तट्टाच्या मानेवरून हात फिरवत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या आधीच त्या फाटकाशी हजर.

क्रोशा मुलींनी पटकन उचलला. नाचाचं अवघड होतं. आमच्या मुली झिम्मा-फुगडीत वाढलेल्या. पाय उचलला की हात आपोआप वर जायचे. बाईंनी उपाय काढला. प्रत्येकीच्या दोन्ही मुठींत एकेक लिमलेटची गोळी. “मूठ उघडली, गोळी पडली, तर खायाला मिळनार न्हाई.” आठवडाभर सगळ्यांचे परकर चिकट झाले. पण हात जागेवर राहायला लागले.

आणि मग भाऊसाहेब आले.

भाऊसाहेब म्हणजे संस्थानच्या काळातले मोठे कारभारी, आता निवृत्त, आमच्या शाळेच्या समितीवर होते. माणूस वाईट नव्हता. शाळेला विहीर त्यांच्यामुळेच मिळाली होती. त्यांची नात आमच्या नाचणाऱ्या मुलींत होती. मोठ्या बाईंच्या खोलीत त्यांनी आरशीबाईंना आणि मला बोलावून घेतलं.

“परक्या धर्माचा सण शाळेत होणार नाही,” ते शांतपणे म्हणाले. “नाचगाण्याच्या आडून काय काय येतं ते आम्ही पाहिलेलं आहे.”

“धर्म शिकवायचा असता तर इतक्या वर्षांत येक तरी मानूस बाटला असता की,” बाई म्हणाल्या. “माझं मलाच धड जमत न्हाई. दुसऱ्याचं कुठं करू?”

“तुमच्यावर माझा संशय नाही. पण आता कुठे गोऱ्यांना घालवून आम्ही मोकळे झालो, आणि लगेच आमच्या पोरी...”

बाईंचा पंजा वर झाला. “इंग्लिश न्हाई...”

“ठाऊक आहे मला. आयरिश,” भाऊसाहेब म्हणाले. “तुमच्यावरही त्यांनीच राज्य केलं. मी वर्तमानपत्र वाचतो. म्हणून तर सांगतो. तुमच्या लोकांनी आपलं ते राखायला जीव दिले ना? मग आम्हीही आमचं राखतो आहोत. त्यात तुम्हाला राग का यावा?”

बाईंचा हात सावकाश खाली आला. त्या उठल्या, भाऊसाहेबांना नमस्कार केला आणि बाहेर पडल्या. मी मागोमाग गेले. फाटकाशी थांबून त्या म्हणाल्या, “त्यांचं खरं हाय.” थोडं चालून परत थांबल्या. “पर माझं बी खरं हाय.”

त्यानंतर त्या शाळेत आल्या नाहीत. औषधपाणी, बाळंतपणं चालू होती. रविवारी मी भाटघरला गेले तर ओसरीवर रोगी बसलेले आणि बाई नेहमीसारख्या कामात. फिडल कुठे दिसलं नाही. मीही विचारलं नाही.

ठकूआजी गुडघ्याला तेल चोळून घेत होती. तिने मधेच विचारलं, “औंदा पोरी नाचवनार हुता म्हनं?”

“न्हाई. जागा न्हाई.”

“जागा न्हाई?” ठकूआजीने पाय ओढून घेतला. “आमच्या माळाला कुलूप हाय व्हय?”

बाई हसल्या नाहीत. “आजी, लोक म्हनत्याल, बाईनं धनगरास्नी नादाला लावलं.”

“म्हनू द्या. तुमचा देव तुमच्यापाशी, आमचा बिरोबा आमच्यापाशी. त्ये दोगं कशाला भांडत्याल? नाचाय पाय लागत्यात. माझा तेवडा नीट करा म्हंजे झालं.”

बाईंनी खाली मान घालून तेल चोळायला पुन्हा सुरुवात केली. मग म्हणाल्या, “येतो.”

मी भोरमधल्या घराघरांत जाऊन मुलींच्या आयांना विचारलं. काहींनी दारातूनच नाही म्हटलं. काही तयार झाल्या. सणाच्या दिवशी सकाळच्या येष्टीने आम्ही नसरापूरला उतरलो, तिथून मार्गासनीपर्यंत दोन बैलगाड्या. भोरला येष्टीत चढताना पाहते तर भाऊसाहेबांची सून, मुलीचा हात धरून उभी.

“मार्गासनीला माझी मावशी असते,” ती म्हणाली. “तिला भेटायला निघाले आहे.”

मी म्हटलं, “बरं झालं. सोबत होईल.” मावशीच्या घराचा विषय आम्ही दोघींनीही नंतर काढला नाही.

मार्गासनीच्या वरच्या माळावर धनगरांनी दोन झाडांना आंब्याच्या डहाळ्या बांधल्या होत्या. त्यांच्यामधल्या दोरीवर आम्ही मुलींचं क्रोशाकाम टांगलं. तेवढ्यात एका कालवडीने एक कॉलर चघळून टाकली. बाया गोळा झाल्या, म्हातारे घोंगड्या टाकून बसले. ठकूआजीचा मुलगा धोंडिबा गजीनृत्याचा ढोल घेऊन आला होता. बाईंनी ढोलाच्या कातड्यावर तळवा फिरवला. “शेरडाचं?”

“व्हय.”

“आमच्याकडं बी असंच. शेरडाचं कातडं आन् टिपरू.” त्यांनी बोटांनी दोन-तीन ठोके मारले. धोंडिबाने तेच ठोके उलट वाजवले. दोघं एकमेकांकडे बघून खूष झाली.

बाईंनी त्या दिवशी गवती हॅटला हिरवी फीत बांधली होती. त्यांनी फिडल खांद्याला लावलं, तारा जुळवल्या, मुलींना रांगेत उभं केलं. आणि पलीकडच्या खिंडीतून एक माणूस धावत आला. त्याच्या सुनेला सकाळपासून कळा येत होत्या. मूल आडवं आलं होतं.

बाईंनी त्याचं सगळं बोलणं ऐकूनही घेतलं नाही. फिडल माझ्या हातात दिलं आणि तट्टाकडे वळल्या.

“मास्तरीण, तुमी चालवा.”

“अहो, मला वाजवता येत नाही!”

“मला काय ठाऊक न्हाई व्हय? पोरी हायेत, ढोल हाय. सण थांबवायचा न्हाई.” त्या तट्टावर बसल्या. हिरव्या फितीची हॅट खिंडीत दिसेनाशी झाली.

माळावर सगळे माझ्याकडे बघत होते. मुलींचे चेहरे पडले होते. माझ्या मनात खरंच आलं, की सगळं आवरावं आणि गाड्या जुंपायला सांगावं. ज्यांचा सण त्याच नाहीत, तर कुणासाठी करायचं?

“बाईनं सांगितलंय न्हवं?” ठकूआजी म्हणाली.

मी फिडल घोंगडीवर ठेवलं आणि तालमीत ऐकून ऐकून डोक्यात बसलेली ती चाल तोंडाने म्हणायला लागले. शब्द नव्हतेच. तननन तननन असं काहीतरी. धोंडिबाने डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं, मग ढोलावर बोटं टेकली. “हे आमच्याकडचंच की. जरा घाईतलं हाय,” तो म्हणाला आणि त्याने ताल धरला.

मुली नाचल्या. हात सरळ, मुठी मिटलेल्या, नजर समोर. पायांखाली फरशी नव्हती, मुरूम होता. त्यामुळे तडतड ऐकू येत नव्हती, धूळ मात्र उडत होती. भाऊसाहेबांच्या नातीचं पाऊल सगळ्यांत हलकं. तिची आई तोंडावर पदर धरून बघत होती. ती हसत होती की रडत होती, ते मला सांगता येणार नाही.

मग धनगर गजी नाचले, रंगीत रुमाल उडवत. मग बायांनी फुगड्या घातल्या. आमच्या मुलींनी धनगरांच्या पोरींना पावलं शिकवली. त्यांना मुठीत धरायला गोळ्या नव्हत्या, तर त्यांनी खडे धरले. शेवटी ठकूआजी उठली. तिने दोन्ही हात अंगाला चिकटवले आणि फोटो काढायला उभी राहिल्यासारखी गंभीर होऊन, दुखऱ्या गुडघ्याने, चार पावलं नाचली. माळ नुसता ओरडत होता.

ऊन कलल्यावर बाई परत आल्या. तट्टाला हाताने धरून चालत येत होत्या. झग्याच्या बाह्या ओल्या. सगळे उठून उभे राहिले.

“पोरगी झाली,” त्या म्हणाल्या. “दोगी बी जित्या हायेत.”

बायांनी हात जोडले. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. विस्कटलेली दोरी, धुळीने माखलेल्या मुली, ढोलावर डोकं टेकून बसलेला धोंडिबा.

“सण झाला?”

“झाला,” मी म्हटलं.

“नाच?”

“झाला.”

“माझ्याबिगर?”

मला वाटलं, आपण चुकलो. थांबायला हवं होतं. बाई जवळच्या दगडावर बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी पुढे होणार, तोच ठकूआजीने माझा पदर धरला. “बसू द्या वाईच.”

बऱ्याच वेळाने बाईंनी तोंड वर केलं. डोळे लाल होते, पण आवाज साधा होता. “परत येकदा करा. मी नुसता बघतो.”

आम्ही परत एकदा केलं. मी तोंडाने चाल म्हटली, धोंडिबाने ढोल वाजवला. फिडल घोंगडीवर पडून होतं. बाईंनी त्याला हात लावला नाही. हात मांडीवर ठेवून त्या शेवटपर्यंत बघत बसल्या. येताना तट्टू मागे बांधून त्या गाडीत बसल्या आणि मला म्हणाल्या, “ल्हान असताना आजीच्या अंगनात मी असाच बसून बघायचो. आपुन न्हाई नाचलं तरी चालायचं. दुसरं कोनतरी नाचत असायचं.”

त्यानंतर काही वर्षं तो दिवस माळावरच होत राहिला. शाळेत कधी झाला नाही. भाऊसाहेब शेवटपर्यंत आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. रस्त्यात भेटले की ते बाईंना नमस्कार करत, बाईही करत. दोघांनीही पुन्हा तो विषय काढला नाही. त्यांच्या सुनेची मावशी मात्र दर मार्चमध्ये आजारी पडायची.

पुढे बाईंच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला. सुईत दोरा ओवायला त्या माझ्याकडे द्यायच्या. मग माणसं आवाजावरून ओळखायला लागल्या. तालुक्याला सरकारी डॉक्टर आले होते, कामाची तशी अडचण नव्हती. एका रविवारी त्यांनी मला सांगितलं, की धाकट्या बहिणीने बोलावलं आहे आणि त्यांनी जायचं ठरवलं आहे.

मी म्हटलं, “इथे राहा. आम्ही आहोत की.”

“हायेत. म्हनूनच. आंधळा झालो तर तुमी समदी माझं करत बसाल. मला न्हाई चालायचं.”

तट्टू त्यांनी धोंडिबाला दिलं. खुर्च्या पहारेकऱ्याला दिल्या. एक ट्रंक आणि कापडात गुंडाळलेलं फिडल घेऊन त्या भोरच्या गाडीने कापूरहोळपर्यंत आल्या, पुढे पुण्याची गाडी, मग मुंबई, मग बोट. मी कापूरहोळच्या फाट्यापर्यंत सोबत होते.

फाट्यावरच्या चहाच्या दुकानाबाहेर ही गर्दी. माणसं वेल्ह्याकडून, डोंगरातून चालत आली होती. कुणी दशम्या आणल्या होत्या, कुणी तूप, कुणी खरवस. बाईंनी कशालाच नाही म्हटलं नाही. प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून हात फिरवून त्या नाव सांगत आणि बहुतेक बरोबर सांगत. वेल्ह्याकडच्या एका म्हाताऱ्याने पाय बांधलेली जिवंत कोंबडी त्यांच्या हातात दिली. “बाय, मोकळ्या हातानं कसं धाडावं?” तो म्हणाला. बाईंनी ती काखेत घेतली.

पुण्याची येष्टी आली. कंडक्टर दारात उभा राहिला. “बाई, कोंबडी आत चालायची नाही. टपावर टाका.”

“टपावर ऊन हाय. मरंल ती.”

“मग इथंच ठेवा.”

“हितं कशी ठेवू? मला दिलीया.”

“अहो, पण कुठवर नेणार?”

“घरी.”

“घर कुठं?”

बाईंनी देशाचं नाव सांगितलं. कंडक्टरने ते नाव कधी ऐकलं नसावं. “आणि बोटीवर चालेल का?”

“बोटवाल्याला बोटीवर समजावतो. तुमी पुन्यापत्तोर बघा.”

गाडीतली माणसं हसायला लागली. एका शेतकऱ्याने खिडकीची जागा सोडून दिली. कंडक्टरने कपाळाला हात लावला आणि बाजूला झाला. आम्ही ट्रंक चढवली. बाई खिडकीशी बसल्या. बाहेर आम्ही सगळे हात वर करून उभे. त्यांना आम्ही धड दिसत नव्हतो, पण त्या आमच्याच दिशेला तोंड करून होत्या.

ती कोंबडी समुद्रापर्यंत पोचली की नाही, मला कधीच कळलं नाही. बाई परत आल्या नाहीत, एवढं मात्र खरं. गाडी सुटली तेव्हा कोंबडीने खिडकीतून मान बाहेर काढली आणि पंख फडफडवायला लागली. बाई दोन्ही हातांनी तिला आत ओढत होत्या. गाडी पुण्याच्या रस्त्याला लागेपर्यंत तो लाल तुरा आणि ते दोन गोरे हात आम्हाला दिसत राहिले. निरोपाचा हात हलवायला बाईंना सवडच मिळाली नाही.